आधी गिनती, मग सुधारणा

कारागृह खात्याच्या नावात आता ‘सुधारसेवा’ आली आहे. तरी कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात असो की बिंदू चौकातल्या सबजेलमध्ये, शिपायाचा दिवस गिनतीने उजाडतो आणि गिनतीनेच मावळतो. एक डोके कमी भरले की बाकीची कामे जागच्या जागी थांबतात. ‘आधी बंदोबस्त’ हा त्याचा आग्रह मनाच्या कोतेपणातून आलेला नाही. तो कायद्याने लावलेली सवय आहे.

तुरुंग कायदा 22 मार्च 1894 चा. अकराच दिवसांनी, 2 एप्रिलला, शाहू महाराजांनी कोल्हापूरचा कारभार हाती घेतला. या कायद्याच्या कलम 46 मध्ये फटक्यांची कमाल मर्यादा 30 होती, तर कलम 53 मध्ये वेताची जाडीसुद्धा दिली होती: किमान अर्धा इंच. माणूस किती सुधारला, याचे माप मात्र त्यात कुठेच नव्हते.

सुधारणा हेही तुरुंगाचे काम आहे, हे सरकारी पातळीवर ठामपणे मांडले 1919-20 च्या तुरुंग समितीने. त्याच्या आधीच, 1918 मध्ये, शाहू महाराजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली; त्यांतल्या काहींना तर त्यांनी चक्क पहाऱ्यावर नेमले होते. पुढे 1939 साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत वसवली. तिथे कैदी शेती करत. भिंतीशिवायही तुरुंग चालतो, याचा दाखला आपल्याच मुलखात होता.

मग तो कळंब्याच्या बराकीपर्यंत का झिरपला नाही? निष्काळजीपणामुळे कैदी पळाला तर पहारेकऱ्यालाच दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेच्या कलम 223 मधली ही तरतूद नव्या न्याय संहितेतही आहे. सुटलेला कैदी पुन्हा गुन्हा करून परत आला, तर त्याचा जाब शिपायाला कोणी विचारत नाही. त्यात मनुष्यबळाचा हिशेब बघा. 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा कैद्यांमागे एक पहारेकरी सांगितला आहे. तीन पाळ्या धरल्या की एका वेळी अठरांमागे एकच उरतो. रजा, मनोरा, फाटक आणि कैद्यांच्या भेटी त्यातूनच भागवायची.

शिवाय सुधारणेचे बहुतेक कार्यक्रम पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्यांना धरून आखलेले असतात. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंब्यात वळले जात, तेही त्यांच्याच हातचे. देशात मात्र 2022 अखेर चारांतले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला निकाली न निघालेले, होते. उद्या जामीन होईल की दोन वर्षांनी, हे ज्याचे त्यालाच ठाऊक नसते. कामाची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, आणि सहा महिन्यांचा शिवणवर्ग त्याच्यासाठी सुरू केला तर तो पुरा होईल याची खात्री कोण देणार? सबजेलच्या शिपायाकडे त्याच्यासाठी एकच काम उरते, दोन वेळा मोजणे.