रेड सॉक्सची ८६ वर्षांची साडेसाती : शाप बिप काही नव्हता, तरी गोष्ट भारी आहे

आपल्याकडे बेसबॉल कोणी बघत नाही हे मान्य, पण एन आणि वाय एकमेकांत अडकवलेली ती निळी टोपी कुठल्याही रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळते आणि घालणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत पण नसतं की ही न्यूयॉर्क यांकीज नावाच्या बेसबॉल टीमची टोपी आहे. तीच टोपी घालून बॉस्टनमध्ये फिरलात तर मात्र लोक बघतात. का बघतात त्याचं उत्तर शोधायचं तर शंभरेक वर्षं मागे जावं लागतं, म्हणून हे थोडं सविस्तर लिहितोय. बॉस्टनची रेड सॉक्स ही यांकीजची जुनी वैरी, १९१८ नंतर ८६ वर्षं तिला कप मिळाला नाही, आणि बेब रूथ नावाच्या प्लेअरला यांकीजला विकल्याचा हा शाप असं लोक म्हणायचे.

बॉस्टनची टीम सुरू झाली १९०१ मध्ये, रेड सॉक्स हे नाव १९०८ च्या सीझनपासूनचं. १९०३ मध्ये दोन लीगच्या चॅम्पियन टीम्समध्ये पहिली वर्ल्ड सिरीज झाली तेव्हा बॉस्टन पिट्सबर्गविरुद्ध ३-१ ने मागे होती आणि तिथून सलग चार मॅच काढून ५-३ ने जिंकली. म्हणजे पहिलाच कप यांचा. मग १९१२, १९१५, १९१६, १९१८. पहिल्या १५ वर्ल्ड सिरीजपैकी पाच यांच्या, आणि जेवढ्या खेळले तेवढ्या सगळ्या जिंकल्या. फेनवे पार्क हे त्यांचं ग्राउंड, तिथली पहिली अधिकृत मॅच २० एप्रिल १९१२ ची, टायटॅनिक बुडून जेमतेम पाच दिवस झाले होते, त्यामुळे पेपरात ग्राउंडच्या बातमीला कितीशी जागा मिळणार. ग्राउंड आजही तेच आहे. डाव्या बाजूला ३७ फूट उंच हिरवी भिंत, तिला ग्रीन मॉन्स्टर म्हणतात, आणि तिच्या पोटात बसलेली माणसं अजून हाताने आकड्यांच्या पाट्या लावून स्कोअर दाखवतात. आपल्याकडे जुन्या मैदानांवर असायचा तसाच बोर्ड.

आता बेब रूथ. हा तेव्हा रेड सॉक्सचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणि नुसता पिचर नाही, १९१६ आणि १९१८ च्या वर्ल्ड सिरीज मिळून त्याने सलग २९ पेक्षा जास्त इनिंग्ज एकही रन दिला नव्हता. वर बॅटिंग पण अशी की १९१९ मध्ये २९ होम रन (आपला सिक्सर म्हणा), तोवर एका सीझनमध्ये कोणी तेवढे मारले नव्हते. पठ्ठ्याला वर्षाला १० हजार डॉलर मिळत होते, त्याने २० मागितले. टीमचा मालक हॅरी फ्रेझी हा मुळात नाटकधंद्यातला माणूस, डोक्यावर देणी होती. त्याने १९१९ च्या डिसेंबरअखेरीस रूथला १ लाख डॉलरला यांकीजला विकून टाकला आणि वर त्यांच्याच मालकाकडून ३ लाखांचं कर्ज घेतलं, तारण काय, तर फेनवे पार्क! म्हणजे स्वतःचं घर शेजारच्या वैऱ्याकडे गहाण. फ्रेझीने एका संगीतिकेच्या खर्चासाठी रूथला विकला असं सर्रास सांगतात, पण ती गाजलेली संगीतिका ब्रॉडवेवर आली १९२५ मध्ये, विक्रीनंतर पाच-सहा वर्षांनी, त्यामुळे तो किस्सा तसाच्या तसा काही पटत नाही.

रूथने पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला ५४ होम रन मारले. तोवर एकही कप न जिंकलेली यांकीज १९२३ ला पहिला कप जिंकली आणि नंतर थांबलीच नाही. आणि इथे एक गोष्ट लोक विसरतात. फ्रेझीने एकटा रूथ नाही विकला. वेट हॉइट, हर्ब पेनॉक, कार्ल मेज, एव्हरेट स्कॉट, एकामागून एक चांगले प्लेअर न्यूयॉर्कला गेले, मॅनेजर (म्हणजे टीमचा कोच) एड बॅरो पण तिकडेच गेला. रिकामी झालेली टीम १९२२ ते १९३२ या ११ वर्षांत ९ वेळा तळाला राहिली. याला शाप कशाला पाहिजे, घरातली भांडीकुंडी विकल्यावर स्वयंपाक कशात करणार?

दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे. १६ एप्रिल १९४५ ला फेनवेवर जॅकी रॉबिन्सन आणि आणखी दोन कृष्णवर्णीय प्लेअर्सची ट्रायल झाली, ती पण बॉस्टनच्या एका नगरसेवकाने दबाव आणला म्हणून. ट्रायल झाली, पोरं घरी गेली, पुढे बोलावणं नाहीच. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला, मोठ्या लीगमधला आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय प्लेअर, आणि इतिहास झाला. पुढे महान ठरलेल्या विली मेज या कृष्णवर्णीय प्लेअरला घ्यायची संधी पण यांनी घालवली. बाकीच्या सगळ्या १५ टीम्समध्ये कृष्णवर्णीय प्लेअर आले, रेड सॉक्समध्ये पम्प्सी ग्रीन आला तो जुलै १९५९ मध्ये, तोवर रॉबिन्सन खेळून रिटायर पण झाला होता. टॅलेंटचं अख्खं दार बंद ठेवायचं आणि मग आपल्याच नशिबात कप का नाही म्हणून कपाळ बडवायचं. मला विचाराल तर खरा शाप हा होता, आणि तो स्वतःच स्वतःला दिलेला.

मधल्या काळात टेड विल्यम्स नावाचा अवलिया बॅट्समन यांच्याकडे होता. १९४१ च्या शेवटच्या दिवशी त्याचं अॅव्हरेज (बॅटिंगच्या दर संधीमागे किती हिट) होतं .३९९५५, म्हणजे राउंड करून .४०० धरलं जाणार. मॅनेजर म्हणाला बस बाहेर, आकडा सेफ आहे. हा नाही बसला. फिलाडेल्फियात त्या दिवशी दोन मॅच होत्या, दोन्ही खेळला, ८ पैकी ६ हिट आणि अॅव्हरेज .४०६. त्यानंतर आजपर्यंत त्या लीगमध्ये कोणी .४०० गाठलेलं नाही. आपल्याला ब्रॅडमनचं ९९.९४ पाठ असतं ना, तसा हा आकडा तिकडे पोरासोरांना पाठ. पण विल्यम्सला कप काही मिळाला नाही. १९४६ ला एकदाच वर्ल्ड सिरीज खेळला, सातव्या मॅचमध्ये हरले.

सातवी मॅच, हे लक्षात ठेवा. १९४६, १९६७, १९७५, १९८६, चार वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले आणि चारही वेळा सातव्या म्हणजे शेवटच्या मॅचमध्ये गेले. वाईट टीमच्या फॅनला एवढा त्रास होत नाही, तो मे महिन्यातच आशा सोडतो. इथे दरवेळी हातातोंडाशी आलेला घास जायचा.

१९७५ ची सहावी मॅच तर आजही लोक काढून बघतात. सिनसिनाटीविरुद्ध, बारावी इनिंग (मॅच एरवी नऊ इनिंग्जची, बरोबरी झाली तर पुढे चालते), रात्रीचे साडेबारा उलटून गेलेले, कार्लटन फिस्कने बॉल डावीकडे उंच मारला आणि तो फाऊल म्हणजे रेषेबाहेर जाणार की आत राहणार हे कळेना, तर हा पळायच्या ऐवजी उड्या मारत दोन्ही हातांनी हवेत बॉलला ढकलतोय, आत ये, आत ये. बॉल रेषेवरच्या पोलला आपटला, होम रन. कॅमेरामनने बॉल सोडून फिस्कवरच कॅमेरा ठेवला होता, आणि त्याचं कारण असं सांगतात की तो ज्या भिंतीत बसला होता तिथे पायाजवळ उंदीर होता म्हणून तो हललाच नाही! खरंखोटं काय असेल ते असो, टीव्हीवर प्लेअरचा चेहरा दाखवायची पद्धत तिथून रुळली म्हणतात. दुसऱ्या दिवशी सातवी मॅच. हरले.

१९७८ ला लीगच्या तक्त्यात यांकीजवर १४ मॅचची आघाडी होती ती घालवली आणि वर एका मॅचच्या प्लेऑफमध्ये बकी डेंट नावाच्या, एरवी होम रनसाठी अजिबात प्रसिद्ध नसलेल्या माणसाने होम रन मारून बाहेर काढलं. पुढे जाऊ.

२५ ऑक्टोबर १९८६, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, मेट्स या न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमविरुद्ध वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच. सिरीजमध्ये बॉस्टन ३-२ ने पुढे. दहाव्या इनिंगमध्ये स्कोअर ५-३, मेट्सचे दोन आऊट, बेसवर कोणी नाही (चारही बेस फिरून आलं की एक रन). एक आऊट पाहिजे फक्त. स्टेडियमच्या बोर्डवर रेड सॉक्सचं अभिनंदन क्षणभर झळकून पण गेलं. मग एक सिंगल (बॉल मारून पहिला बेस गाठणं, रन नव्हे), दुसरा सिंगल, तिसरा सिंगल, ५-४. पिचर बदलला, नव्या पिचरचा एक बॉल भरकटला, ५-५. मग मुकी विल्सनने एक साधा घरंगळता बॉल मारला, पहिल्या बेसवर फील्डिंगला बॉस्टनचा बिल बकनर, त्याचे घोटे इतके दुखावलेले की एरवी शेवटच्या इनिंग्जमध्ये त्याला बाहेर बसवून डेव्ह स्टेपल्टनला आणायचे, त्या दिवशी मॅनेजरने तसं केलं नाही. बॉल बकनरच्या दोन पायांमधून मागे गेला. ६-५. दोन दिवसांनी सातव्या मॅचमध्ये ३-० ने पुढे असताना ८-५ ने हरले.

आणि मुद्दा असा की बकनरच्या हातून बॉल सुटला तेव्हा स्कोअर आधीच बरोबरीत होता. त्याने पकडला असता तर मॅच पुढे चालू राहिली असती, एवढंच. पण गर्दीला एक माणूस लागतो ना, तो मिळाला.

शाप हा शब्द पण नीट रुजला तो याच हरण्यानंतर. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या पेपरात रूथच्या शापावर लिहून आलं, १९९० मध्ये बॉस्टनच्याच एका पत्रकाराने त्यावर पुस्तक काढलं आणि मग तो घराघरात गेला. म्हणजे रूथला विकल्यावर जवळपास ६५-७० वर्षांनी! १९४६ ला हरले तेव्हा लोक आपल्याच जॉनी पेस्कीच्या थ्रोला शिव्या देत होते, रूथच्या भुताला नाही. पण एकदा शाप म्हटल्यावर उतारे पण आले. एका गिर्यारोहकाने एव्हरेस्टवर नेऊन रेड सॉक्सची टोपी ठेवली. रूथने तळ्यात पियानो टाकला होता अशी एक दंतकथा, तर २००२ मध्ये पाणबुडे उतरवून तो शोधला. अमेरिकन माणूस लिंबू-मिरची बांधत नाही एवढाच काय तो फरक.

२००३ ला यांकीजविरुद्ध सेमीफायनलसारख्या सिरीजच्या सातव्या मॅचमध्ये ५-२ ने पुढे, दमलेल्या पेड्रो मार्टिनेझला मॅनेजरने काढला नाही, बरोबरी झाली, अकराव्या इनिंगमध्ये टिम वेकफील्डच्या बॉलवर आरन बूनचा होम रन. खल्लास.

२००४ ला परत तेच दोघं. यांकीज ३-० ने पुढे, तिसरी मॅच तर १९-८. बेसबॉलमध्ये ०-३ वरून सात मॅचची सिरीज तोवर कोणी जिंकली नव्हती. चौथ्या मॅचच्या नवव्या इनिंगला ४-३ ने मागे आणि समोर मारियानो रिव्हेरा, म्हणजे शेवटच्या इनिंगचा जगातला सगळ्यात खतरनाक पिचर. केव्हिन मिलर वॉकवर (पिचरचे चार बॉल वाईड गेले की फुकट मिळणारा बेस) पहिल्या बेसवर पोचला, त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्सला आणला. स्टेडियमच काय, टीव्हीसमोरच्या प्रत्येकाला माहीत की हा दुसरा बेस चोरायला पळणार. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे बॉल फेकून त्याला मागे पळवलं. चौथ्यांदा बॉल बॅटरकडे टाकला आणि रॉबर्ट्स सुटला, हात बेसवर, टॅग (आऊट करायला बॉलचा स्पर्श) अर्ध्या पापणीने उशीर. बिल म्यूलरचा सिंगल, बरोबरी. बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझचा होम रन. पाचवी मॅच १४ इनिंग्ज चालली, शेवटच्या तीन इनिंग्ज कोणी टाकल्या, तर त्याच वेकफील्डने, आणि जिंकवली परत ऑर्टिझने. सहाव्या मॅचला कर्ट शिलिंग घोट्याला टाके घालून उतरला, सॉक्सवर रक्त दिसत होतं, टीमचं नाव काय आणि हे काय. सातवी १०-३.

वर्ल्ड सिरीज मग सरळ ४-० झाली, सेंट लुईसविरुद्ध, २७ ऑक्टोबर २००४ ला, १९८६ ची ती सातवी मॅच हरल्याला बरोबर १८ वर्षं. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, हे मी रचून सांगत नाहीये. दे दान सुटे गिराण. दुसऱ्या दिवशी बॉस्टनच्या आसपासच्या कब्रस्तानांत लोक टोप्या आणि झेंडे घेऊन गेले, आई-बापांच्या, आजोबांच्या थडग्यांवर ठेवायला.

त्यानंतर २००७, २०१३, २०१८, तीन कप आणखी. पण ८ एप्रिल २००८ ची गोष्ट राहिली. फेनवेवर सीझनची पहिली मॅच, पहिला मानाचा बॉल टाकायला बिल बकनरला बोलावलं होतं. ग्रीन मॉन्स्टरकडून तो एकटा चालत आला, अख्खं ग्राउंड उभं राहून टाळ्या वाजवतंय आणि टाळ्या थांबतच नाहीयेत. तो मधे पोचला, डोळे पुसले, आणि ८६ मध्ये त्याच्याबरोबर खेळलेल्या ड्वाइट इव्हान्सकडे बॉल टाकला.