पिलाटीज प्रशिक्षकपदासाठी अर्ज : पात्रता, प्रशिक्षणाचे तास आणि कागदपत्रे

पिलाटीज ही श्वास, तोल आणि शरीराची ठेवण यांवर भर देणारी व्यायामपद्धती शिकवण्यासाठी अनेक देशांत सरकारी परवाना लागत नाही. शिवाय २००० साली न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने ‘पिलाटीज’ हा ट्रेडमार्क रद्द ठरवल्यामुळे त्या नावावर कोणा एकाची मालकी उरलेली नाही. परिणामी दोन दिवसांचे शिबिर केलेला उमेदवार आणि वर्षभर शिकलेला उमेदवार एकाच पदनामाने व्यायामशाळेकडे अर्ज करू शकतात. म्हणून छाननी करताना प्रमाणपत्राच्या मथळ्यापेक्षा त्यामागील तास पाहणे आवश्यक आहे.

वयाची १८ वर्षे पूर्ण असावीत, ही सर्वसाधारण अट आहे. खरा प्रश्न अभ्यासक्रमाच्या व्याप्तीचा असतो. मॅट अभ्यासक्रम जमिनीवरील व्यायामांपुरता असतो; रिफॉर्मर (स्प्रिंगच्या ताणावर सरकणारा पाट), कॅडिलॅक, चेअर आणि बॅरल या साधनांवर शिकवायचे असेल तर सर्वसमावेशक प्रशिक्षण हवे. अमेरिकेतील नॅशनल पिलाटीज सर्टिफिकेशन प्रोग्रामच्या परीक्षेसाठी असे किमान ४५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षित असते, आणि त्यात व्याख्यानांबरोबरच वर्गनिरीक्षण, स्वतःचा सराव व देखरेखीखालील अध्यापन यांचाही समावेश होतो. साधनांसाठी वेगळे प्रशिक्षण का, याचे उत्तर रिफॉर्मरच्या स्प्रिंगमध्येच आहे : ताण कमी केल्याने प्रत्येक व्यायाम सोपा होत नाही, काही प्रकारांत तोल सांभाळणे उलट अधिक कठीण होते. अस्थिसुषिरता (हाडे ठिसूळ होण्याचा विकार) असलेल्या व्यक्तीला पाठीचा कणा पुढे गुंडाळणारे प्रकार टाळायला सांगणे, हेही प्रशिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

अर्जासोबत ओळखपत्र व वयाचा पुरावा, प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, प्रथमोपचार आणि सीपीआरचे (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या तातडीच्या उपचाराचे) वैध प्रमाणपत्र, तसेच मागणी असल्यास व्यावसायिक दायित्व विम्याची प्रत जोडावी. प्रमाणपत्रावर तासांची विभागणी नसल्यास प्रशिक्षण संस्थेच्या सहीशिक्क्याची तासनोंद स्वतंत्रपणे मागवून घ्यावी. अर्ज बहुधा याच कागदासाठी अडतो.

छाननीनंतर प्रात्यक्षिक वर्ग घेतला जावा. वर उल्लेखिलेली परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असल्याने ती उमेदवाराचे ज्ञान तपासते, पण समोरच्या व्यक्तीची चुकलेली ठेवण त्याला दिसते का आणि नेमक्या सूचनेने ती दुरुस्त करता येते का, हे वर्गातच कळते.

त्या परीक्षेवर आधारित प्रमाणन दर दोन वर्षांनी, पुढील शिक्षणाचे पुरावे देऊन, नूतनीकृत करावे लागते. सीपीआरची मुदत वेगळ्या तारखेला संपू शकते, त्यामुळे व्यायामशाळेने दोन्ही तारखा नियुक्तीच्या नोंदीत स्वतंत्रपणे लिहून ठेवाव्यात.