प्रोलीन जैवसंश्लेषण

सजीवांच्या पेशींत ग्लुटामेट या ॲमिनो अम्लापासून एंझाइमांच्या साहाय्याने प्रोलीन हे ॲमिनो अम्ल तयार होण्याची प्रक्रिया. दोन्ही रेणूंत कार्बनाचे अणू पाचच असतात. ग्लुटामेटाच्या एका टोकाचे क्षपण (इलेक्ट्रॉन मिळण्याची क्रिया) होऊन ते त्याच रेणूतील नायट्रोजनाला जोडले जाते आणि वलय बनते.

ग्लुटामेट कायनेज हे एंझाइम एटीपी या ऊर्जावाहक रेणूपासून फॉस्फेट घेऊन ते ग्लुटामेटाच्या बाजूच्या कार्बॉक्सिल गटावर बसवते. तयार झालेले ग्लुटामिल फॉस्फेट अत्यंत अस्थिर असते. मोकळे राहिल्यास ते आपोआप वलयांकित होऊन ५-ऑक्सोप्रोलीन बनते व या मार्गातून बाद होते. म्हणूनच ते पुढच्या एंझाइमाकडे थेट सोपवले जात असावे, असे मानतात. ई. कोलाय जीवाणूत ही दोन एंझाइमे स्वतंत्र आहेत. वनस्पती व प्राणी यांच्यात मात्र दोन्ही कामे पी५सीएस (पायरोलीन-५-कार्बॉक्सिलेट सिंथेटेज) हे एकच प्रथिन करते. वनस्पतींतील अशा जोडएंझाइमाचे वर्णन १९९२ मध्ये मटकीच्या जनुकावरून झाले.

दुसऱ्या पायरीत एनएडीपीएच या क्षपणकारक सहएंझाइमाच्या साहाय्याने क्षपण होऊन ग्लुटामेट सेमिअल्डिहाइड मिळते. त्यातून पाण्याचा रेणू निघून पायरोलीन-५-कार्बॉक्सिलेट (पी५सी) बनते. या बदलाला एंझाइम लागत नाही. हे दोन मध्यस्थ पदार्थ फोगेल व डेव्हिस यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. शेवटी पी५सी रिडक्टेज हे एंझाइम पी५सीपासून प्रोलीन तयार करते.

ऑर्निथीन या दुसऱ्या ॲमिनो अम्लापासूनही हेच सेमिअल्डिहाइड मिळते. त्यामुळे वनस्पतींत प्रोलिनाचा तो दुसरा मार्ग असल्याचे दीर्घकाळ मानले गेले. तथापि हे रूपांतर करणारे ऑर्निथीन ॲमिनोट्रान्सफरेज हे एंझाइम नसलेल्या ॲरॅबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीतही ताणाच्या वेळी प्रोलीन साचते, असे २००८ मध्ये आढळले. या एंझाइमाचे मुख्य काम आर्जिनीन या ॲमिनो अम्लाचे विघटन हे असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अवर्षण व क्षारता यांत साचणारे प्रोलीन केवळ तर्षण-समतोल (पेशीतील पाण्याचा तोल) राखते की एनएडीपीएच वापरून पेशीतील क्षपण-ऑक्सिडीकरणाचा तोलही सांभाळते, याविषयी मतभेद आहेत. बहुधा दोन्ही कार्ये घडत असावीत.

जीवाणूंत साठलेले प्रोलीन ग्लुटामेट कायनेजला रोखते. मानवात पी५सीएसची दोन रूपे असून त्यांत दोनच ॲमिनो अम्लांचा फरक आहे. आखूड रूप ऑर्निथिनाने रोखले जाते, लांब रूप रोखले जात नाही. या एंझाइमाच्या किंवा पी५सी रिडक्टेजच्या जनुकातील दोषांमुळे त्वचा सैल पडण्याचे आनुवंशिक विकार होतात.