पुंगळी (काडतुसाची)

काडतुसाचे पितळी आवरण. टोपी (बुडातला ठिणगी देणारा भाग), दारू आणि गोळी एकत्र धरून ठेवणे हे पुंगळीचे नजरेला दिसणारे काम, पण तिची खरी कसोटी बार उडताना लागते. त्या क्षणी तिची भिंत फुगून चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या खोबणीला, घट्ट बसते, वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच किंचित आकसून सुटी होते. यासाठी साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ वापरतात.

विदर्भाच्या खेड्यांत रानडुकरे आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) वावर राखण्यासाठी ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना असतो, त्यांच्या हातात बहुधा बारा बोरची बंदूक किंवा ३१५ बोरची रायफल दिसते. ३१५ चे मूळ ऑस्ट्रियाच्या ८ × ५० मिलिमीटर मॅनलिखर काडतुसात आहे. थ्री-नॉट-थ्रीसारखी लष्करी काडतुसे लोकांच्या हाती जाऊ नयेत हे ब्रिटिशांचे धोरण होते, त्यातून हा वेगळा बोर भारतात रुजला. ३१५ च्या पुंगळीच्या बुडावर बहुधा ‘८ एमएम’ आणि ‘केएफ’ ही अक्षरे असतात. केएफ म्हणजे १८६९ मध्ये सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना.

रिकामी पुंगळी पुन्हा भरणे, किंवा एका काडतुसाची पुंगळी दुसऱ्यासाठी घडवणे, हा अमेरिका-युरोपातल्या नेमबाजांचा जुना उद्योग आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ ‘दारूगोळा’ या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही धरतो, त्यामुळे परवान्याशिवाय हे काम गुन्हा ठरते. काही काडतुसे मुळात अशाच रूपांतरातून जन्मली. १९०३ च्या थर्टी-ऑट-थ्री या अमेरिकी काडतुसाची मान (गोळी धरणारे तोंड) आवळून १९२५ मध्ये टू-सेव्हन्टी विंचेस्टर हे काडतूस आले. मॅनलिखरची पुंगळी दुर्मिळ झाली, तेव्हा हौशी मंडळी ७.६२ × ५४ रशियन पुंगळीपासून ती घडवू लागली. मान आवळली की तिथले पितळ जाड होते. ते तासून बारीक केले नाही, तर गोळी मानेत अडकून धरली जाते आणि दाब धोकादायक वाढतो. आकार जुळला म्हणून पुंगळी जुळली असे होत नाही.

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या कारागिराला हे वेगळे सांगावे लागत नाही. ठोके बसत गेले की पितळ कडक होते, तापवले की नरम. पुंगळीचेही तेच: दरवेळी फुगून आणि पुन्हा आवळली जाऊन मान कडक होते, शेवटी उभी चिरते. म्हणून मान आणि तिच्याखालचा उतरता खांदा तापवून नरम करतात. बूड मात्र कधीही तापवायचे नसते. सगळा दाब तेच पेलते, आणि नरम बूड फाटले तर वायू थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो.

बिघाड उडालेल्या पुंगळीवर वाचता येतो. बुडाच्या थोडे वर चकाकणारे कडे दिसले, तर भिंत तिथे पातळ झाली आहे. पुढच्या बाराला बूड तुटून वेगळे होईल. टोपी सपाट चेपलेली आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडायला जड, म्हणजे दाब जास्त. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबावे: गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. बार उडालाच नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर बोल्टला हात लावू नये, कारण टोपी उशिराही पेट घेते.

एक दोष हिंदुस्थानातल्या पावसाळ्याने जगाला दाखवला. घोडदळाच्या तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात, न झाडताच, तडकू लागल्या. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुतज्ज्ञांनी १९२१ मध्ये कारण उलगडले: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात उरलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ भेगाळते. घरामागे गोठा आणि पडवीत युरियाची पोती असलेल्या घरात काडतुसे त्या बाजूच्या कोनाड्यात ठेवू नयेत. कोरड्या, बंद पेटीत, कुलपात ठेवावीत, आणि जागलीला (रात्री वावर राखायला) निघण्याआधी प्रत्येकीच्या मानेवरून उजेडात नजर फिरवावी. केसाएवढी भेग दिसली तरी ते काडतूस नळीत घालू नये.