आर्मेनिया-अझरबैजान: शस्त्रखरेदीची तीस वर्षं

2022 मध्ये आर्मेनियाने आपलं पिनाका रॉकेट लाँचर घेतलं तेव्हापासून आमच्या बेळगावात कॅम्पातल्या चहाच्या टपरीवर रिटायर्ड मंडळी हा विषय काढतातच, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच इथे, त्यामुळे कुठं तोफ विकली गेली तरी चर्चा होणारच. पण सगळे आर्मेनिया-अझरबैजानच्या 2020 च्या युद्धातल्या ड्रोनपासून सुरुवात करतात, आणि मला वाटतं तिथेच गोष्ट अर्धी राहते.

मूळ भांडण नागोर्नो-काराबाखचं. आर्मेनियन लोक जास्त असलेला हा डोंगरी भाग सोव्हिएत सरकारने 1923 मध्ये अझरबैजानात ठेवला, आणि 20 फेब्रुवारी 1988 ला तिथल्याच प्रादेशिक सोव्हिएतने, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या परिषदेने, ठराव केला की आम्हाला आर्मेनियात घाला. रेघ ओढणारा लांब बसलेला असतो आणि भोगतं ते गाव, हे 1956 नंतर सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. आपला वाद कोर्टात गेला, तिकडे रणगाडे निघाले.

सोव्हिएत युनियन फुटल्यावर मे 1992 च्या ताश्कंद करारात दोघांनाही सारखीच मर्यादा ठरली, प्रत्येकी 220 रणगाडे, 285 तोफा, 100 लढाऊ विमानं. कागदावर बरोबरी झाली. पण 1994 च्या युद्धबंदीपर्यंत आर्मेनियाची बाजू वरचढ झाली होती, आणि 1997 मध्ये रशियाचे जनरल रोखलिन यांनी तिकडच्या संसदेत उघड केलं की आर्मेनियाला गुपचूप सुमारे 1 अब्ज डॉलरची शस्त्रं गेली.

मग तेल आलं. बाकू-त्बिलिसी-जेहान पाइपलाइन 2006 मध्ये सुरू झाली आणि साधारण 1 कोटी लोकवस्तीच्या अझरबैजानकडे रोख पैसा खेळायला लागला, समोर आर्मेनिया जेमतेम 30 लाखांचा. आमचा संरक्षण खर्च आर्मेनियाच्या अख्ख्या बजेटपेक्षा जास्त करू असं अझरबैजानचे राष्ट्राध्यक्ष अलीयेव म्हणायचे आणि ते त्यांनी करून दाखवलं. सगळ्यात वाईट काय, तर विकणारा एकच. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकड्यांत 2011-20 मध्ये आर्मेनियाची जवळजवळ 94 टक्के मोठी शस्त्रं रशियाची आणि अझरबैजानचीही सुमारे 60 टक्के रशियाचीच! अझरबैजान बाजारभावाने घ्यायचा, आर्मेनिया रशियाच्या लष्करी गटातला म्हणून त्याला सवलत आणि कर्ज. म्हणून नुसते डॉलर शेजारी मांडून तुलना केली की फसायला होतं, तोच रणगाडा एकाच्या खात्यात महाग दिसतो आणि दुसऱ्याच्या स्वस्त. सिप्री त्यासाठी मोजलेली किंमत बाजूला ठेवून शस्त्राच्या ताकदीवर आकडा काढते, आणि एखाद्या वर्षी मोठी डिलिव्हरी आली तर आलेख उडी मारतो म्हणून पाच-पाच वर्षांचे गट बघायचे.

आमचे काका सुभेदार म्हणून रिटायर झाले, ते एकच विचारतात, "तोफा ऱ्हाऊ दे, गोळे किती घेतले ते सांग." आर्मेनियाने 2019 मध्ये रशियाकडून चार सुखोई-30 आणली आणि 2020 च्या युद्धात त्यांचा उपयोगच झाला नाही, क्षेपणास्त्रं सोबत घेतलीच नव्हती हे पंतप्रधान पाशिन्यान यांनी पुढे स्वतः मान्य केलं. यादीत मात्र चार विमानं दिसतात. हे वाचून दाखवलं तेव्हा काका बराच वेळ गप्प बसले.

तोवर अझरबैजानने दुकान बदललं होतं. 2016-20 मध्ये त्याच्या आयातीचा 69 टक्के वाटा इस्रायलचा, त्यातलं लक्ष्यावर आदळून फुटणारं हारोप ड्रोन एप्रिल 2016 च्या चार दिवसांच्या लढाईतच वापरून झालं होतं, 2020 ला तुर्कीचं बायरक्तार ड्रोन जोडीला आलं आणि 44 दिवसांत अझरबैजानच्या बाजूने निकाल लागला. सप्टेंबर 2023 मध्ये उरलेलं काराबाखही गेलं, एक लाखाहून जास्त आर्मेनियन माणसं घरदार सोडून निघाली.

पिनाकाची ऑर्डर या दोन तारखांच्या मधली आहे. त्यानंतर आर्मेनियाने फ्रान्सकडून रडार आणि सीझर तोफांचे सौदे केले, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाच्या त्या लष्करी गटातला आपला सहभाग थांबवल्याचं सांगून टाकलं.