रॉकेटच्या मापाने शिवलेली इमारत

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, खारट दलदलीच्या सपाट मुलुखात, केनेडी अंतराळ केंद्राची एक चौकोनी इमारत कित्येक किलोमीटरवरून दिसते. जवळपास दुसरे काहीच उंच नसल्यामुळे लांबून तिच्या आकाराचा अंदाज येत नाही. एखादे मोठे गोदाम असावे, इतकेच वाटते. तिची उंची १६० मीटर, लांबी २१८ मीटर आणि रुंदी १५८ मीटर आहे. तिच्या पोटात सुमारे ३६ लाख ६० हजार घनमीटर जागा मावते, म्हणजे आतल्या नुसत्या हवेचेच वजन चार हजार टनांच्या वर भरते. चंद्रावर माणसे नेणारी सॅटर्न-५ रॉकेटे या इमारतीत उभी जोडली गेली. इमारतीचे पहिले नाव ‘व्हर्टिकल असेंब्ली बिल्डिंग’ होते. १९६५ मध्ये ‘व्हर्टिकल’च्या जागी ‘व्हेइकल’ आले आणि व्हीएबी ही आद्याक्षरे तशीच राहिली.

घर किंवा कार्यालय बांधताना वास्तुरचनाकार माणसाच्या मापाने विचार करतो. दार किती उंच असावे आणि पायरी किती रुंद असावी, हे माणसाचे शरीर ठरवते. व्हीएबीमध्ये ते ठरवणारे शरीर ११० मीटर उंचीच्या रॉकेटचे होते. अंतराळ आणि संरक्षण क्षेत्रांतील वास्तूंचे वेगळेपण मला इथे दिसते. या वास्तू यंत्राला केवळ आसरा देत नाहीत, त्या यंत्राच्या कामकाजाचाच एक भाग असतात, आणि त्यांच्या रचनेत चूक झाली तर ती यंत्रातली चूक ठरते.

मुळात एवढ्या उंच इमारतीची गरजच का पडली? १९६१ पर्यंत अमेरिकेत रॉकेट प्रक्षेपणमंचावरच जोडले जाई आणि तिथेच तपासले जाई. त्यात आठवडेच्या आठवडे जात. तोवर मंच अडकून पडे आणि रॉकेट खारे वारे, विजा व वादळे अंगावर घेत उघड्यावर उभे राही. सोव्हिएत संघाने वेगळी वाट धरली होती. तिथे रॉकेट आडवे जोडून रेल्वेगाडीवरून मंचाकडे नेत आणि मग उभे करत. सॅटर्न-५च्या टाक्या मात्र त्यांच्या आकाराच्या मानाने फार पातळ होत्या. रॉकेट आडवे जोडून, तपासून नंतर उभे करायचे, तर त्या सगळ्या जोडांवर वेगळाच ताण आला असता आणि आधीच्या तपासणीला फारसा अर्थ उरला नसता. म्हणून बंदिस्त जागेत रॉकेट उभेच जोडावे, उभेच तपासावे आणि त्याला आधार देणाऱ्या मनोऱ्यासकट उभेच मंचापर्यंत न्यावे, असे ठरले. हा एक निर्णय झाला आणि इमारत, रस्ता, वाहन, मंच या सगळ्यांची मापे त्यातून ओळीने बाहेर पडली.

आराखड्याचे काम चार कंपन्यांच्या एका संयुक्त गटाकडे गेले. वास्तुरचना मॅक्स अर्बान यांच्या कार्यालयाकडे होती. पोलादी सांगाडा, यंत्र व वीजव्यवस्था आणि पाया ही कामे उरलेल्या तिघांनी वाटून घेतली. पायासाठी स्वतंत्र तज्ज्ञ कंपनी घ्यावी लागली, यातच तिथल्या जमिनीची खोड कळते. वरच्या थरात वाळू, शिंपले आणि मऊ चिकणमाती होती, थोडे खणले की पाणी लागे, आणि कठीण चुनखडक बराच खोल होता. १९६३ च्या उन्हाळ्यात तिथे पोलादी नळ्या ठोकायला सुरुवात झाली. प्रत्येक नळीचा व्यास सुमारे ४१ सेंटिमीटर होता आणि एकूण ४,२२५ नळ्या सुमारे ४९ मीटर खोलीवरच्या खडकापर्यंत गेल्या. एकापुढे एक ठेवल्या तर त्या दोनशे किलोमीटरच्या पुढे जातील.

पण खाऱ्या पाण्यात हजारो पोलादी नळ्या उभ्या करणे म्हणजे नकळत एक प्रचंड विद्युतघट तयार करणे होते. शाळेतल्या प्रयोगात आम्लात दोन धातूंच्या पट्ट्या बुडवून दिवा लावतात, तोच हा प्रकार. विद्युतवाहक पाण्यात धातूच्या वेगवेगळ्या भागांत विभवांतर निर्माण होते, प्रवाह वाहू लागतो आणि ज्या भागातून प्रवाह पाण्यात उतरतो तिथले लोखंड झिजत जाते. गंज चढतो तो असा. अभियंत्यांनी यावर केलेला उपाय साधा, पण कष्टाचा होता. त्यांनी प्रत्येक नळीला तांब्याची जाड तार जोडली आणि ती वरच्या काँक्रीटच्या लादीतील सळयांना बांधली, म्हणजे सगळा पाया विजेच्या दृष्टीने एकच वस्तू झाला. असे ४,२२५ जोड करावे लागले, आणि आज त्यांतला एकही दिसत नाही.

या नळ्यांना दुसरेही काम आहे. एरवी पाया इमारतीचे ओझे जमिनीत उतरवतो. इथे त्याने इमारत जमिनीला धरूनही ठेवायची होती. चक्रीवादळांच्या या किनाऱ्यावर ताशी २०० किलोमीटर वेगाचा वारा गृहीत धरला होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ढोबळ हिशेब केला, तर या वेगाला लांब बाजूच्या भिंतीवर साडेसहा हजार टनांच्या आसपास जोर पडतो. आत बहुतांशी पोकळी असल्यामुळे, नीट नांगर टाकला नसता, तर इमारत पेटीच्या आकाराच्या पतंगासारखी वागली असती. जोडणीची चार उंच दालने एका ओळीत न ठेवता, मधल्या मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी पाठीला पाठ लावून ठेवली, त्यामागेही हा विचार होता. ओळीतली इमारत लांब आणि अरुंद भिंतीसारखी झाली असती. दुहेरी मांडणीने तिला पेटीचा भरीवपणा आला, शिवाय मधल्या मार्गिकेतून येणाऱ्या रॉकेटच्या टप्प्यांना दोन्हीकडची दालने सोयीची झाली. २००४ च्या सप्टेंबरात फ्रान्सिस चक्रीवादळाने बाहेरच्या आवरणाचे आठशेहून अधिक पत्रे उचकटून नेले. सांगाडा मात्र टिकला.

दालनांची दारे १३९ मीटर उंच आहेत. तळाशी रॉकेटला वाहून नेणारे रुंद चालते पीठ बाहेर पडते आणि वर फक्त रॉकेट व त्याचा मनोरा असतो. म्हणून दाराचा आकार उलट्या ‘टी’सारखा आहे. खालच्या रुंद भागात चार पाने आडवी सरकतात, तर वरच्या अरुंद भागात सात पाने एकामागून एक वर उचलली जातात. पूर्ण दार उघडायला सुमारे ४५ मिनिटे लागतात. आतल्या क्रेनचालकांबद्दल असे सांगतात, की शेकडो टनांचे ओझे अंड्यावर टेकवूनही ते अंडे फुटू देत नाहीत. रॉकेटचे टप्पे एकावर एक बसवताना मिलिमीटरचा हिशेब असतो, त्यामुळे हे कौशल्य कामाचाच भाग आहे.

इमारतीच्या आत ढग जमतात आणि पाऊस पडतो, अशीही एक आवडती आख्यायिका आहे. तिला आधार इतकाच, की दमट हवेच्या प्रदेशात इतक्या उंच पोकळीत गरम हवा वर साचते, थंड हवा खाली राहते आणि बाष्पाचे पाणी होऊन ते वाटेल तिथे धरते. असे झाले, तर विद्युत जोडण्या आणि उपकरणे यांचे काय होईल, ही खरी काळजी होती. म्हणून आतली सगळी हवा तासाभरात बदलेल अशी वायुवीजनाची व्यवस्था छतापर्यंत केलेली आहे.

मग येतो रस्ता. रॉकेट, मनोरा, चालते पीठ आणि त्यांना उचलणारे क्रॉलर नावाचे वाहन मिळून सुमारे आठ हजार टन वजन ताशी दीड किलोमीटरच्या चालीने पुढे सरकते. या वजनाखाली डांबर टिकत नाही. म्हणून भरावावर चुनखडीचे थर दाबून त्यावर नदीतले गुळगुळीत गोटे पसरले. अणकुचीदार खडी टाकली असती, तर क्रॉलरच्या रणगाड्यासारख्या पोलादी पट्ट्यांखाली घर्षण वाढले असते आणि ठिणगी उडण्याचा धोकाही राहिला असता. गोट्यांवर हे दोन्ही कमी होते. मंचाजवळचा चढ चढताना क्रॉलर आपले कोपरे वर-खाली करतो आणि रॉकेट उभेच ठेवतो.

इमारत आणि पहिला मंच यांच्यात साडेपाच किलोमीटर अंतर ठेवले, ते स्फोटाच्या भीतीने. संरक्षण खात्याची दारूगोळ्याची कोठारे बांधताना वापरतात तोच नियम इथे लागतो. सुरक्षित अंतर स्फोटक साठ्याच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे साठा आठपट झाला, तर अंतर दुप्पट लागते. सॅटर्न-५ इमारतीत असताना रिकामे असे, त्यात इंधन मंचावर भरत. स्पेस शटल आले, तेव्हा हे गणित बदलले. त्याच्या घनइंधनाच्या मोठ्या नळ्या भरलेल्याच इमारतीत येत, त्यामुळे त्यांच्या जोडणीच्या काळात आत किती माणसे असावीत यावर मर्यादा घालावी लागली. भिंती तशाच असतात, पण आत ठेवलेली वस्तू बदलली की इमारतीचे वर्तनही बदलते, ही गोष्ट आराखडा काढणाऱ्यालाही सहज दिसत नाही.

आपल्याकडे श्रीहरिकोट्याला हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी पाहायला मिळाले. पहिल्या मंचावर रॉकेट मंचावरच जोडत आणि रुळांवर सरकणारा सेवामनोरा नंतर बाजूला नेत. दुसऱ्या मंचाचा आराखडा रांचीच्या ‘मेकॉन’ या सरकारी कंपनीने केला आणि तिथे उभ्या जोडणीची पद्धत आणली. रॉकेट बंदिस्त इमारतीत चालत्या पीठावर उभे राहते आणि पीठासकट रुळांवरून सुमारे किलोमीटरभर दूरच्या मंचाकडे जाते. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ हे रॉकेट तिथून पहिल्यांदा उडाले. चांद्रयान-३ नेही १४ जुलै २०२३ रोजी याच मंचावरून उड्डाण केले. बंगालच्या उपसागराची खारी हवा आणि चक्रीवादळे इथेही आहेतच.

व्हीएबीमधून सॅटर्न गेले, शटल आले आणि गेले. दर वेळी आतले कामाचे सज्जे पाडून नव्या यंत्राच्या मापाने पुन्हा बांधावे लागले. चंद्रावर पुन्हा माणसे नेण्याच्या आर्टेमिस मोहिमेच्या एसएलएस या रॉकेटसाठी एका दालनात दहा पातळ्यांवर वीस नवे अर्धसज्जे बसवले, आणि हे काम २०१७ च्या जानेवारीत पूर्ण झाले. एसएलएस ९८ मीटर उंच आहे, त्यामुळे दार मात्र जुनेच चालले. १७ मार्च २०२२ रोजी ते उघडून रॉकेट पहिल्यांदा बाहेर पडले, तेव्हा दाराच्या पानांनी आपला तोच पाऊण तासाचा वेळ घेतला असणार.