चार कोटी अंकांचा ताळा

खानापूरहून भाच्याने फॉरवर्ड पाठवला: 'जगातली शेवटची मूळ संख्या सापडली, आता बँकांची कुलपं उघडणार!' दोन्ही थापा. मूळ संख्या संपतच नाहीत, हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवलंय. आणि बँकेच्या कुलपाला, म्हणजे ऑनलाइन व्यवहारांच्या गुप्त लिपीला, लागतात त्या तीनेकशे अंकी, कुणाला ठाऊक नसलेल्या मूळ संख्या. जगजाहीर संख्येचं कुलूप कोण लावेल?

खरी बातमी ऑक्टोबर 2024 ची. 2 चा 136279841 वा घात घ्या, 1 वजा करा. ही संख्या मूळ असल्याचं अमेरिकेच्या ल्यूक ड्युरंटने 'गिम्प्स' या, स्वयंसेवकांच्या संगणकांवर अशा मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पात शोधलं. अंक 4,10,24,320. पण 1 आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही, हे कळलं कसं? एकेका संख्येने भागत बसलं तर विश्वाचं वयही पुरायचं नाही.

माझे आजोबा बेळगावात रविवार पेठेत भुसारी दुकानात दिवाणजी होते. 38 पोती, पोत्यात 47 किलो, एकूण 1786. मग वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फुली आणि तिच्या चार कोनांत 2, 2, 4, 4. नवाचा ताळा! 38 चे 11, म्हणजे 2. 47 चेही 2. दोन दुणे 4. 1786 चे 22, म्हणजे 4. जुळलं. कारण 10 ला 9 ने भागलं की बाकी 1 उरते, म्हणून नुसते अंक मिळवले तरी भागाकाराचं काम होतं. (गाडीच्या नंबराची बेरीज 9 यावी म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांनी ऐकावं: आपल्याला आठच बोटं असती, तर हेच लोक 7 च्या मागे लागले असते.)

हाच ताळा 10 ऐवजी 32 च्या गटांत केला (गट मोजायचे, उरलेले त्यांत मिळवायचे) की 31 ने भागल्यावरची बाकी मिळते. '2 चा घात वजा 1' अशी संख्या मूळ आहे का, हे ठरवणारी ल्यूका-लेमर चाचणी त्यावरच धावते. 4 पासून सुरू करा. वर्ग करा, 2 वजा करा, ताळा काढा. घातांकापेक्षा दोन कमी फेऱ्या. 31 म्हणजे 2 चा पाचवा घात वजा 1, म्हणून तीन फेऱ्या. 4 चे 14. 14 चे 194. त्यात 32 चे 6 गट, उरले 2, ताळा 8. 8 चे 62. एक गट, उरले 30, बेरीज 31, म्हणजे शून्य. शून्य आलं की मूळ, नाहीतर नाही.

का? 4 म्हणजे (2+√3) आणि (2−√3) यांची बेरीज. दोघांचा गुणाकार 1, म्हणून वर्ग करून 2 वजा केले की त्यांच्या वर्गांची बेरीज हाती येते. प्रत्येक फेरीत घात दुप्पट. पुढची सिद्धता मात्र कागद-पेन्सिल घेऊनच बसून करायची.

ड्युरंटच्या संख्येला अशा 13,62,79,839 फेऱ्या लागतात. संगणकाला दोनच अंक कळतात, त्यामुळे ताळ्यासाठी त्याला भागावं लागत नाही; लांबलचक आकडा मधोमध कापून दोन तुकडे मिळवले की झालं. वर्ग करतानाच काय तो घाम फुटतो.

भाच्याला म्हटलं, 2 चा अकरावा घात वजा 1, म्हणजे 2047 ला लावून बघ. नऊ फेऱ्या. रात्री फोन आला, "मामा, 1736 आलं की!"

बरोबर. 2047 म्हणजे 23 गुणिले 89.